अकरा कुठाय?

भोंगामावशीचं खरं नाव लाँड्रीच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? आवाजच आधी पोचायचा. उभा जन्म धुलाईयंत्रांच्या घरघरीत गेला, शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलायची सवय लागली, आणि दुकानाबाहेर पडल्यावरही ती सुटली नाही. कुणाच्या सदऱ्यावरचा डाग निघाला नाही हे ती गिऱ्हाइकाला सांगायची आणि ते अख्ख्या रस्त्याला कळायचं. नवरा म्हणजे शुद्ध मुखस्तंभ. दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभा. विचारलं तर मान हलवणार, नाही विचारलं तर तेही नाही. दोघांत मिळून आवाज वाटून द्यायचा होता, आणि वाटणाऱ्याला मध्येच डुलकी लागली असावी.

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या जर्स्या याच लाँड्रीत यायच्या. चार वर्षांपूर्वी मावशीच्या ध्यानात आलं, की मुलींच्या गाठोड्यातली अकरा नंबरची जर्सी दर वेळी कोरडी ठणठणीत असते. बाकीच्या घामाने निथळणाऱ्या, आणि हिची घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे या पोरीला कोणी खेळवतच नाही की काय? मावशीच्या डोक्यात किडा वळवळला. पुढच्या सामन्याला धुतलेलं गाठोडं पोचवायला म्हणून ती गेली आणि गॅलरीत ठाण मांडून बसली. बाकाच्या टोकाला एक लांबलचक पोरगी अंग चोरून बसलेली. मावशीला राहवलं नाही.

"अहो कोच, अकरा कुठाय? तिला मैदानात उतरवा की!"

पंचाच्या तोंडातली शिटी गळून पडली. लोक हसायला लागले, आणि त्या हशातून सुटका व्हावी म्हणून कोचनी तिला उतरवलं. उतरल्या उतरल्या तिने लागोपाठ दोन बास्केट केल्या. त्या दिवशी गाठोड्यातली अकरा नंबरची जर्सी पहिल्यांदा ओली आली. मावशीने ती यंत्रात न टाकता हाताने धुतली.

तेव्हापासून रिवाजच पडला. मावशीने उठून विचारायचं, "अकरा कुठाय?" अख्ख्या गॅलरीने ओरडायचं, "मैदानात!" आणि बाकावरच्या त्या पोरीने जॅकेट काढत उभं राहायचं. पुढे पुढे तर ती संघाचा कणाच झाली, तरी दमून बाहेर बसली की हाक ठरलेली आणि तिचं उठणंही ठरलेलं.

एका वेळी मात्र मावशीचा आवाज बंद. पहिल्याच वर्षी अकराने दुकानात येऊन मोठ्या अदबीने सांगितलं होतं, "मावशी, राग मानू नका. पण मी फ्री थ्रोला उभी राहिले की बॉलच्या आधी तुमचा आवाज बास्केटमध्ये जातो." मावशी आधी फुगली, मग हसली. पुढच्या सामन्यापासून ती दुकानातला पांढरा टॉवेल बरोबर आणायला लागली. टॉवेल वर गेला की गॅलरी चिडीचूप. खोकणारे म्हातारेसुद्धा खोकला गिळून बसायचे. टॉवेल खाली आला की मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडायचा.

आता अकरा शेवटच्या वर्षाला होती. अंतिम सामना घरच्या मैदानावर, आणि त्यानंतर ही पोरगी काही पुन्हा या जर्सीत दिसणार नव्हती. गॅलरीला तर तो घरचाच निरोप झाला होता. दर सामन्याला गॅलरीत असणाऱ्या बेकरीवाल्याने खोक्यांचे पुठ्ठे कापून प्रत्येकावर काळ्या रंगात अकरा आकडा काढला. शेवटच्या डावात पुठ्ठे वर करायचे आणि आजवर मारली नाही अशी हाक मारायची, असं ठरलं.

"ताई, त्या दिवसापर्यंत घसा राखून ठेवा," बेकरीवाला रोज बजावायचा. मावशी खरोखरच गिऱ्हाइकांशी हळू बोलायला लागली, म्हणजे आता फक्त शेजारच्या दोन दुकानांना ऐकू जायचं.

सामन्याच्या दिवशी सकाळी अकरा लाँड्रीच्या मागच्या दाराने आली. भिंतीला हात लावत.

"मावशी, आज हाक मारू नका."

"अगं, आज नाही मारायची तर कधी?"

पोरगी मळक्या चादरींच्या ढिगावर बसली आणि तिने विजारीचा उजवा पाय वर सरकवला. गुडघा टम्म सुजलेला. उपांत्य सामन्यात उडी मारून उतरताना पिरगळला होता. हसत हसत बाहेर आली, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की आता जपलं तर पाय खडखडीत बरा होईल. पण या अवस्थेत एक उडी मारली तर जन्माची लंगडशील. आणि महिन्याभराने अग्निशमन दलाची चाचणी. धावणं, दोर, शिडी. लहानपणी शेजारच्या इमारतीला आग लागली होती, तेव्हा धुरातून शिडी चढून गेलेली एक बाई तिने पाहिली होती. त्या दिवसापासून या पोरीला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

"कोचना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, मी तुला उतरवणार नाही. पण तू आपणहून उठलीस तर अडवणारही नाही."

"वा रे शहाणा! म्हणजे जिंकलो तर याचं, मोडलीस तर तुझं." मावशीचा तिळपापड झाला. "मग उठू नकोस ना. बस गप."

"तेच जमत नाही. तुमची हाक आली की माझ्याने बसवतच नाही, मावशी. पाय आधी उठतात, मी मागून."

"मग घरी राहा."

"शेवटचा सामना आहे. बाकावर तरी बसू द्या."

"मग मीच येत नाही. हाकही नको आणि काही नको."

"तुम्ही नसलात तर बेकरीवाले काका हाक मारतील. तुम्ही असलात तर सगळे तुमची वाट बघत बसतील." पोरीने मावशीचा ओला हात घट्ट धरला. "आणि हे कोणाला सांगू नका. भरतीचे दोन साहेब आपल्याच गॅलरीत बसतात. गुडघ्याचं त्यांच्या कानावर गेलं तर माझं नाव चाचणीआधीच कटेल. शपथ घ्या."

मावशीने शपथ घेतली. जिच्या तोंडात आजवर तीळ भिजला नव्हता, तिने.

संध्याकाळी गॅलरी खचाखच भरली. मावशी नेहमीच्या जागी बसली, मांडीवर टॉवेल, तोंडाला कुलूप. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात संघ मागे पडला, तिसऱ्यात आणखी. अकरा बाकाच्या टोकाला जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसली होती. लोकांना वाटलं, कोचने हुकमाचा पत्ता शेवटासाठी राखून ठेवलाय. भरतीचे ते दोन साहेब चार ओळी खाली बसून शेंगदाणे खात होते. त्यांच्या टकलांकडे बघत मावशी टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

शेवटचा डाव सुरू झाला आणि सगळी गॅलरी मावशीकडे वळली.

"ताई, उठा!"

"थांबा जरा."

"थांबा काय? हरायला आलो!"

"घसा बसलाय माझा," मावशी म्हणाली. तेही असं, की खालच्या तीन ओळींना खणखणीत ऐकू गेलं. लोक हसले. त्यांना वाटलं, मावशी उगीच ताणतेय.

कोचनी एकदा मान वळवून गॅलरीकडे पाहिलं, मग बाकाच्या टोकाकडे. त्या नजरेतली हाव मावशीला इतक्या लांबूनही दिसली. आपल्या संघाने एक बास्केट केली. मग आणखी एक. आता अंतर थोडंच राहिलं होतं आणि वेळही थोडाच. बेकरीवाल्याला धीर निघाला नाही. तो उठला.

"अकरा कुठाय?"

त्याचा आवाज चिरका, पण गॅलरीला निमित्तच हवं होतं. "मैदानात!" सगळे पुठ्ठे वर गेले. अकराने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मावशीला तिची पाठ ताठ झालेली दिसली.

"अकरा कुठाय?"

"मैदानात!" आता लोक पायही आपटायला लागले. फळ्या थरथरल्या. अकराचा हात चेनीवर गेला. चेन अर्ध्यावर आली.

मावशीचा जीव नुसता टांगणीला. खरं सांगायचं तर तिलाही ती हाक मारायची होती. चार वर्षांची माया गळ्यापर्यंत आली होती आणि आज ती बाहेर पडली नाही तर पुन्हा कधीच पडणार नव्हती. घरी तिच्या आवाजाला उत्तर देणारं कोणी नव्हतं. उत्तर मिळायचं ते इथंच, या फळ्यांवर.

"अकरा कुठाय?"

"मैदानात!"

पोरगी उठली. जॅकेट खांद्यावरून सरकलं. सगळा भार डाव्या पायावर, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कोच पंचाकडे हात वर करायला निघाले.

मावशी ताडकन उभी राहिली आणि तिने टॉवेल वर केला.

चार वर्षांची सवय ती. गॅलरी बोलता बोलता बंद पडली. उघडी तोंडं तशीच मिटली, आपटायला उचललेले पाय हलकेच खाली टेकले. मैदानावर फ्री थ्रो नव्हता, खेळ चालूच होता, आणि त्या शांततेत बॉलचे ठोके आणि बुटांची करकर तेवढी ऐकू येत होती. अकराने वर पाहिलं. मावशीने मान हलवली, नाही. पोरगी क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग हात मागे टेकून हळूच खाली बसली. कोचचा हात अर्ध्यावरून परत आला.

कुजबुज सुरू झाली तरी मावशीने टॉवेल खाली घेतला नाही. खांदा भरून आला, तशी तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिला. शेवटची शिटी झाली तेव्हा आपला संघ एका बास्केटने हरला होता.

लोक खाली धावले. त्यांनी अकराला घेरलं, पुठ्ठे तिच्या हातात कोंबले, कोणी डोक्यावरून हात फिरवला, कोणी नुसतंच रडलं. "तू हवी होतीस गं मैदानात," जो तो म्हणत होता. पोरगी हसत होती आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बेकरीवाला मात्र वरच थांबला होता.

"चार वर्षं तिच्यासाठी ओरडलात, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांची तोंडं दाबलीत? का हो ताई? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. शेंगदाणेवाले साहेब हात झटकत शेजारूनच चालले होते. मावशीने ओठ चावला.

"घसा बसलाय म्हटलं ना," ती म्हणाली. या वेळी ते जेमतेम त्यालाच ऐकू आलं. त्याने आपला पुठ्ठा तिच्या पायाशी टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जर्स्यांचं गाठोडं आलं. मावशीने ते सोडलं आणि हात आत घातला. अकरा नंबरची जर्सी चिंब ओली होती. पोरगी एक क्षणही मैदानात उतरली नव्हती. बाकावर बसून बसून घामाने भिजली होती. मावशी ती जर्सी धरून नळाशी उभी राहिली आणि हुंदके देऊन रडली. यंत्र चालू होतं म्हणून बरं.

नवऱ्याने इस्त्री उभी केली आणि तो जवळ आला.

"तू गप्प बसलीस," तो म्हणाला, "म्हणजे काहीतरी मोठंच असणार." एवढं बोलून पुन्हा टेबलाशी गेला.

तो महिना वाईट गेला. गॅलरीतली माणसं कपडे टाकायला यायची, पण नजर चुकवायची. काहींनी दुसरी लाँड्री धरली. मावशीने भांडण केलं नाही. लोकांना वाटलं, हिचं मनच हिला खातंय.

मग एके दिवशी बेकरीवाला ताजा पाव घेऊन दारात उभा राहिला. अकरा त्याच्याकडे पेढ्यांऐवजी केक घ्यायला गेली होती. चाचणी पास झाली होती, शिडीवर तर पहिली आली होती, आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तिने सगळं सांगून टाकलं होतं.

"मला सांगायचं तरी ताई," तो खाली बघत म्हणाला.

"तुम्हाला सांगितलं असतं तर पावाबरोबर घरोघर गेलं असतं, दादा."

अकरा प्रशिक्षणाला निघाली त्या सकाळी मावशीने दुकान बंद ठेवलं आणि नवऱ्यालाही ओढून स्टँडवर नेलं. पोरगी खिडकीशी बसली होती, पाय मुडपून, कारण तिचे पाय मावतील अशी बस अजून निघायची आहे. बोलायचं बरंच होतं. कंडक्टरने घंटी दिली. बस हलली. खिडकी पुढे सरकली आणि मावशीच्या आत इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"अकरा कुठाय?"

सगळा स्टँड दचकला. हमालाने डोक्यावरची ट्रंक सावरली. आज उत्तर द्यायला गॅलरी नव्हती. मावशी ओशाळली, पदराकडे हात गेला, तेवढ्यात मागून एक जाडा, गंजलेला, कधी न वापरलेला आवाज आला.

"मैदानात!"

तिने वळून पाहिलं. मुखस्तंभाचे कान लाल झाले होते.

आणि तिकडे बसमध्ये अकरा उठली होती. एका झटक्यात, दोन्ही पायांवर, टपाला डोकं आपटेपर्यंत.

"अहो ताई, बसा खाली, गाडी सुटलीय," कंडक्टर ओरडत होता. बस वळणाआड जाईपर्यंत ती काही बसली नाही.