अर्धा चमचा दही-साखर

नचिकेतचं सातवं ऑपरेशन माझ्यामुळे रद्द झालं. त्यासाठी मला स्टीलची एक छोटी डबी पुरली. डबीत दही होतं, दह्यात साखर होती, आणि माझा हेतू इतका चांगला होता की आजही आठवला तर कान गरम होतात.

नचिकेत म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, प्रमोदिनीताईचा, साडेपाच वर्षांचा मुलगा. जन्माला आला तेव्हा त्याची अन्ननलिका मधेच तुटलेली होती आणि हृदयाला छिद्र होतं. तिसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन झालं, नळी जोडली गेली. पण तो जोड दर काही महिन्यांनी आवळत जायचा. मग पुन्हा भूल, पुन्हा टेबल, पुन्हा टाके. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी डॉक्टर तो आवळलेला तुकडाच काढून टाकणार होते आणि नळी नव्याने सांधणार होते. जमलं असतं तर पोरगा तुमच्याआमच्यासारखा तोंडाने जेवला असता. पण त्या ऑपरेशनला छाती कफ नसलेली, स्वच्छ लागते, आणि ती स्वच्छ व्हायला दोन महिने लागले. दोन महिने तो वॉर्डात होता, पोटात बसवलेल्या नळीतून दूध आणि पेज घेत होता, आणि शेजारच्या खाटेवरची मुलं बिस्किटं खायची तेव्हा आम्ही क्रिकेटची मॅच पाहतो तसा एकटक पाहत बसायचा.

डिसेंबर १९९९ची नऊ तारीख मिळाली.

आदल्या संध्याकाळी ताईने मला बजावलं होतं, "उद्या तो उपाशी आहे हं. काही द्यायचं नाही."

आता मी सेलूचा. परभणी जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेला. आमच्याकडे उपाशी माणसाला दही चालतं. एकादशीला चालतं, संकष्टीला चालतं. आणि परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला निघताना हातावर दही-साखर पडल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. ते खाणं आहे असं आजवर कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. मीही दिल्लीला निघालो तो आईच्या हातचं दही चाटूनच. तर त्या रात्री मी विचार केला, की हा मुलगा सहा वेळा कोरडाच आत गेला आणि सहाही वेळा जोड आवळला. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना सापडलं नाही ते माझ्या लक्षात आलं होतं.

सकाळी सहा चाळीसला ताई सही करायला काउंटरवर गेली. मी डबी काढली. नचिकेतच्या हाताला सलाइनची पट्टी बांधलेली होती, म्हणून तळहाताऐवजी चमचा.

"मामा, हे चालतं?" त्याने विचारलं.

"हे खाणं नाही रे. शुभ कामाला जाताना घेतात."

त्याने चमचा ओठांना लावला आणि थांबला. दोन महिन्यांत जिभेला लागलेली ती पहिली चव. डोळे मिटून तो हळूहळू, फुलपाखरू पंख हलवतं तसे ओठ हलवत राहिला. अर्धा चमचा संपला होता तेवढ्यात ट्रॉली आली, मागोमाग ताईही.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई वाकल्या. "सुबह से कुछ खाया, बेटा?"

नचिकेत सहा ऑपरेशनांचा मुरलेला गडी. त्या प्रश्नाला खोटं बोलायचं नसतं हे त्याला पाठ होतं. "हां. दही. आधा चम्मच. मीठा था."

बाईंनी मास्क खाली ओढला. ट्रॉली ढकलणाऱ्याने ट्रॉली सोडली.

"किसने दिया?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातातल्या डबीकडे. मग ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मैंने."

मी तिथेच उभा होतो. डबी फक्त पाठीमागे नेली.

"आप तो पढ़ी-लिखी हैं," बाई म्हणाल्या, आणि पुढचं त्यांनी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं. आवळलेल्या नळीत दही जोडाच्या वर अडकून बसतं. भूल दिली की ते घरंगळून थेट फुप्फुसात जातं. मूल टेबलावरच जाऊ शकतं. आजच्या यादीत आता जागा नाही, आणि उद्यापासून मोठे डॉक्टर तीन आठवडे बाहेरगावी.

"जी," ताई म्हणाली. "गलती हो गई."

वॉर्डात परतल्यावर तिने माझ्या हातातून डबी घेतली, नळाखाली धुतली आणि खिडकीत पालथी घातली. मला वाटलं आता तरी बोलेल. ती म्हणाली, "दोनला तुझी शिफ्ट आहे ना? बस चुकेल."

ही प्रमोदिनीताई कोण, ते सांगायला हवं. वर्ध्याची मुलगी. स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन १९८८ला दिल्लीत मंत्रालयात क्लार्क झाली. नवरा श्यामकांत हिशेब खात्यात, पोस्टिंग आसामात जोरहाटला, आणि बदलीचा अर्ज चार वर्षं दिल्लीतल्या कुठल्याशा टेबलावर. दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत, सोसायटीचा फ्लॅट मिळाला तेव्हा लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता आणि पाणी टँकरने यायचं. विमानं मात्र इतकी खालून जायची की नचिकेत त्यांची चाकं मोजायचा. मी गुडगावच्या एका काचेच्या नव्या इमारतीत परदेशी लोकांची क्रेडिट कार्डं तपासायला लागलो तेव्हा तिने मला मागची खोली दिली. "भाडं नको," म्हणाली, "सकाळी रिकामा असतोस ना? मग हॉस्पिटलला बस."

मुलाचं आजारपण तिने सरकारी फाइलसारखं ठेवलं होतं. जाड पुठ्ठा, लाल फीत, पानांना क्रमांक, रिपोर्टांना कागदी झेंडे. नवा डॉक्टर आला की ती उभ्या उभ्या सांगायची, "फ्लॅग सी देखिए, डॉक्टर साहब." वॉर्डात तिला 'फाइलवाली मॅडम' म्हणायचे. लीलाम्मा सिस्टर तर म्हणायची, "हमारा रेकॉर्ड खो जाए तो इन से फोटोकॉपी मांगो."

त्या तीन आठवड्यांत एकच गोष्ट हवी होती, छाती स्वच्छ राहणं. घरी न्यावं तर द्वारकेत चारी बाजूंना बांधकामाची धूळ. वॉर्डात ठेवावं तर दर दुसऱ्या खाटेवर खोकला. ताईने वॉर्ड निवडला, निदान ऑक्सिजन तरी जवळ होता. मी सकाळी सातला यायचो, नचिकेतच्या खाटेभोवती ओल्या चादरी टांगायचो आणि शिंकणाऱ्या माणसाकडे पोलिसासारखा पाहायचो.

"मामा, तू सबको डराता है," नचिकेत म्हणायचा. आणि मग हळूच, "त्यातला आधा राहिला ना?"

"काय?"

"चमच्यातला. आधाच दिलास."

"ऑपरेशननंतर देतो."

"पक्का?"

"पक्का."

वीस तारखेला त्याला ताप भरला. संध्याकाळपर्यंत बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, आणि एकवीसला त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. काचेपलीकडे तो इतका लहान दिसत होता की चुकीच्या खाटेकडे पाहतोय असं मला दोनदा वाटलं.

अतिदक्षता विभागातल्या नव्या डॉक्टरांनी जुन्या तापांच्या तारखा विचारल्या. ताई आत होती, म्हणून मी तिच्या पिशवीतून फाइल काढली. तारखा शोधता शोधता पान एकशे बारा उघडलं. तिचं टपोरं अक्षर.

"दि. ९ डिसेंबर, सकाळी ६.४०. अर्धा चमचा दही-साखर, तोंडाने. देणारा: विक्रांत. डॉक्टरांना सांगितले: मी दिले. कारण: विक्रांतचा वॉर्डात बसण्याचा पास रद्द झाला असता. माझी रजा संपली असून सोमवारपासून कार्यालयात हजर होणे भाग आहे. मुलाजवळ बसायला दुसरे कोणी नाही. हेतू चांगला होता."

आणि खाली, वेगळ्या शाईने: "दि. २० डिसेंबर. ताप १०२. याचा वरील नोंदीशी संबंध असेलच असे नाही."

मी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, "भैया, डेट मिली?" तेव्हा भानावर आलो. तारखा वाचून दाखवल्या.

ताई बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "ताई, मी डॉक्टरांना सांगतो."

"काय सांगतोस?"

"मी दिलं म्हणून."

"त्याने त्याची छाती साफ होईल?"

"नाही."

"मग खाली जा, दोन सलाइनच्या बाटल्या आण. आणि असं तोंड करून फिरू नकोस रे, लोकांना वाटतं काहीतरी झालं."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली. अधिवेशन चालू होतं, संसदेतल्या कुठल्याशा प्रश्नाचं उत्तर तिच्याच टेबलावरून जाणार होतं. साडेपाचला परत आली, बोटांना कार्बनची निळाई. आईला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. उरलेला वेळ ती काचेला कपाळ लावून उभी राहायची. तिच्या कपाळाचा गोल डाग काचेवर उमटायचा, आणि सफाईवाला तो रोज पुसायचा. चौथ्या दिवशी त्याने तेवढी जागा सोडून बाकीची काच पुसली. ते पाहून मी जिन्यात जाऊन बसलो. ताईच्या डोळ्याला तोवर पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मी मात्र जिन्यात बसून नाक पुसत होतो. कुणाला सांगू नका.

पाचव्या दिवशी यंत्र निघालं. नचिकेत घोगऱ्या आवाजात पहिलं काय बोलला असेल? "मामा कुठे?"

मी पुढे झालो. तो म्हणाला, "भूललास तर नाही ना?"

छाती पुन्हा स्वच्छ व्हायला फेब्रुवारी उजाडला. त्या सकाळी मी रिकाम्या हातांनी गेलो. खिसेही उलटे करून दाखवले, लीलाम्मा सिस्टरने ताईच्या पिशवीपाठोपाठ तेही बघायला मागितले म्हणून. "कर्ड?" ती म्हणाली. "नो कर्ड, सिस्टर." दाराशी त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ताईकडे रोखून पाहिलं. मी घसा साफ केला.

"मॅडम, उस दिन दही मैंने दिया था. इन्होंने नहीं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "इतने दिन बाद बता रहे हो?" म्हणाल्या आणि ट्रॉली आत ओढली. मला अपेक्षा होती की काहीतरी हलकं वाटेल. काही वाटलं नाही. ताई म्हणाली, "झालं समाधान? चल, बस आता. सात तास लागणार आहेत."

सातच लागले. जोड बसला.

मार्चच्या अखेरीस तो द्वारकेला आला. आता मऊ भात, वरण, केळं, सगळं तोंडाने, प्रत्येक घास मोजून वीसदा चावत. पहिल्या रविवारी मी दही लावलं, साखर घातली, तीच डबी घेतली आणि त्याच्यासमोर बसलो. हाताला आता पट्टी नव्हती. "हात पुढे कर."

त्याने हात मागे घेतला. "आज मी कुठे चाललोय?"

"कुठेच नाही."

"मग हे नुसतं दही आहे. हे मी खाईन. पण ते वेगळं." डोक्यावरून विमान गेलं, ते जाईपर्यंत तो थांबला. "आठवं कधी आहे?"

आठवं म्हणजे हृदयाचं. ते बाकीच होतं. मी ताईकडे पाहिलं. ती डाळ निवडत होती, तिची बोटं थांबली. घरात त्याच्यासमोर आम्ही तो आकडा अजून उच्चारला नव्हता.

"ऑक्टोबरमध्ये," ती म्हणाली.

"मग आठवं झाल्यावर देशील. आधी नाही हं मामा. आधी दिलंस तर परत लांबेल." एवढं बोलून त्याने डबी ओढली आणि नुसतं दही खायला सुरुवात केली.

ताईने हात पुसले, फाइल काढली, चष्मा लावला. लिहिताना ती मोठ्याने वाचत होती, मला ऐकू यावं म्हणूनच. "विक्रांतकडून अर्धा चमचा दही-साखर येणे. आठव्यानंतर. तूर्त प्रलंबित."

"सही करू?" मी विचारलं.

"तुझ्या सहीवर कोण विश्वास ठेवतो?" ती म्हणाली, आणि फाइल नचिकेतपुढे सरकवली. त्याने दह्याचं बोट पानावर टेकवलं. तो डाग अजून आहे. आता जुलै निम्मा सरलाय, ऑक्टोबरला अजून अडीच महिने आहेत.