वितळत्या बर्फाचा प्रयोग

नव्वदच्या दशकात मी जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. एके वर्षी साक्रीकडची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. विषय तिनेच आणला होता. पावसाळी ढगात वर हिम असतं. खाली येताना ते जिथे वितळायला लागतं, तिथून रडारच्या लहरी सगळ्यांत जोरात परततात. हिमकणावर पाण्याचा थर चढला की रडारला तो भलामोठा थेंब वाटतो. पुढे त्याचा लहानसा थेंब झाला की परतणाऱ्या लहरींचा जोर ओसरतो.

"खान्देशवर हिम?" प्रयोगशाळेतले आबा हसले. "ताई, आठे माठनं पानी थंड व्हत नही!"

आमच्याकडच्या यंत्राचा एक भोंगा लहरी सोडायचा, दुसरा परतलेल्या पकडायचा आणि काटा त्यांचा जोर दाखवायचा. समोर बर्फाचा गोळा टांगायचा. काटा आधी चढायला हवा, मग पडायला. आमचा नुसता पडत होता.

परीक्षा दोन दिवसांवर आली.

"मॅडम, परीक्षकांना काय दाखवू? नापास झाले तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत."

"रडून काटा चढणार नाही. गोळा हातात घे."

तळवा लगेच भिजला. फाटकावरच्या गोळेवाल्याकडचा बर्फ एप्रिलच्या उन्हात आमच्यापर्यंत येतानाच घामेजत होता. काट्याचा चढ रस्त्यातच संपायचा. दोन आठवडे तिने नोंदी केल्या, मी त्यांवर सह्या केल्या. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी घरून आइस्क्रीमचा लाकडी पॉट आणला. बाहेर बर्फ आणि खडेमीठ, आतल्या डब्यात गोळे. दोन तासांत ते बोटांना चिकटण्याइतके कडक झाले.

परीक्षक धुळ्याहून आले. गोळा टांगला, काटा खालीच. मग गोळा चकाकला आणि काटा चढला. टपटप सुरू झाली, तसा उतरला.

"पुन्हा दाखवा."

"साहेब, नीट दखा," दुसरा गोळा टांगत आबा म्हणाले, "हाऊ बर्फ कोनी वाट दखत नही."

"आबा, तुम्हीच परीक्षा देई टाका!" परीक्षक हसले.

तिसऱ्यांदा परीक्षकांनी स्वतःच गोळा टांगला, स्वतःच नोंदी घेतल्या, आणि तिच्या वहीवर 'उत्तीर्ण' लिहून सही केली. मग खिशातून डायरी काढून बर्फाला मीठ किती घातलं ते तिला विचारून घेतलं. धुळ्यालाही त्यांचा काटा नुसता पडत होता म्हणे.