पतासीबाईची संथ रेघ

पतासीबाई शेअर बाजारात पडल्या, ही बातमी आमच्या गल्लीत आली त्या दिवशी माझा चहा बशीतून धोतरावर सांडला. नंदुरबारच्या मिरची बाजारामागे उमेदमल शेठचं मसाल्याचं दुकान आहे. शेठ गेल्यापासून पतासीबाई ते एकट्या चालवतात. छटाकभर हळद देताना गिऱ्हाइकाच्या सुनेपर्यंत चौकशी करणारी ही बाई आता हळदीच्या डब्याला मोबाइल टेकवून त्यात डोळे घालून बसते म्हटल्यावर गल्ली गप्प कशी बसेल? कोणी म्हणालं, दुकान विकणार. कोणी म्हणालं, सुरतेला बंगला बांधणार. बंगल्याची आवई माझी होती, पण ती इतकी फिरली की शेवटी मलाच खरी वाटायला लागली.

समोरच्याच ओट्यावर माझं बसणं. एक दिवस सरळ विचारलं, "काय दखी ऱ्हायनी, बाई?"

"मन्हा रिषभ कोठे शे, ते दखी ऱ्हायनी, दगाभाऊ."

रिषभ त्यांचा एकुलता एक. चेन्नईजवळ एका मोटार कंपनीत गाड्यांचे दरवाजे आखतो. नोकरी लागल्यावर त्याने त्याच कंपनीचे थोडे शेअर आईच्या नावाने घेतले आणि म्हणाला, "आई, आता कंपनीत तुझाही वाटा." बाईंनी ते मनावर घेतलं. पोरगा फोन करायचा महिन्यातून दोनदा, तोही घाईत. कंपनीचा भाव मात्र रोज दिसायचा.

भाव कसा वाचायचा हे शिकवायला हेमकांत होता. स्टेशन रोडला त्याचं शेअरचं ऑफिस. भर मे महिन्यात टाय बांधणारा नंदुरबारातला एकमेव माणूस. तो दुकानात हिंग घ्यायला आला आणि तासभर अडकला. आधी आरएसआय सांगितला, म्हणजे शेअर किती तापलाय ते दाखवणारा आकडा. "आकडा सत्तरच्या वर गेला, की पथारीवर जास्त वाळलेली मिरची समजा. हात लावताना जपून." मग एमएसीडी. "बाई, या दोन रेघा बघा. ही वेगवान, ही संथ. वेगवान रेघ संथ रेघेला खालून वर कापून गेली, की शेअरमध्ये जोर आला."

"आणि ही संथ कोणाची?"

"कोणाची म्हणजे? वेगवान रेघेचीच सरासरी काढून ही बनते. तिला स्वतःचं असं काही नसतं."

बाईंनी हिंगाची डबी बांधता बांधता हात थांबवला. "म्हंजे ती मी शे," म्हणाल्या.

हेमकांत हसला. मीही हसलो. पण झालं असं, की पहिल्यांदा त्या रेघा एकमेकींना भिडल्या त्याच संध्याकाळी रिषभचा फोन आला. कंपनीची नवी गाडी निघाली म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं होतं. पोरगा कधी नव्हे ते निवांत बोलला, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी फार आठवते म्हणाला. बाईंच्या मनात पक्कं बसलं: रेघा भिडल्या, की मायलेक भेटणार. तेव्हापासून रेघा जवळ यायला लागल्या, की बेसन मळलं जायचं.

गोची अशी, की पुढे दोन-तीन महिने भाव जागच्या जागी घुटमळत राहिला. रेघा आज भिडायच्या, परवा सुटायच्या, पुन्हा भिडायच्या. गट्टे रोजचेच झाले आणि रिषभ काही येईना. बाई जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. उजेड असेपर्यंत दारात वाट बघायच्या, मग दोन घास खाऊन उरलेलं पातेलं मला हाक मारून समोर सरकवायच्या.

"तुन्ह्या रेघा मन्ह्या पोटले भेटन्यात, बाई!"

"खा गपचूप. तिखट कमी शे का?"

हेमकांतने समजावलं, "बाजार आडवा चाललाय. अशा वेळी या रेघा फसवतात."

"आडवा म्हंजे?"

"ना वर, ना खाली. नुसता बसून."

बाईंनी एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या दाराकडे. मी जिभेवर आलेला विनोद गिळला, आणि मला ते सोपं जात नाही.

मग पर्युषण आलं, जैनांचा उपवासाचा आठवडा; त्याचा शेवटचा दिवस संवत्सरी. रिषभने शब्द दिला होता: "संवत्सरीला येतो, तुझ्या उपवासाचं पारणं माझ्या हातून." नेमका त्याच आठवड्यात शेअर उसळला. वेगवान रेघ संथ रेघेला कापून सरळ वर निघाली. हेमकांत टाय उडवत धावत आला. "बाई, बघा, दोन्हींतलं अंतर कसं वाढतंय! जोर म्हणतात तो हाच!"

बाई स्क्रीनवर बोट ठेवून ते अंतर बघत राहिल्या. रोज ते थोडं आणखी वाढायचं. गल्लीतले लोक पेढे मागायला यायचे आणि बाई त्यांना वेलदोडा देऊन वाटेला लावायच्या. चौथ्या दिवशी रिषभचा फोन आला. मोबाइल स्पीकरवर टाकायची त्यांना सवय, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. "आई, परदेशातून मोठी मागणी आलीय. कोणालाच रजा नाही."

"बरं, बेटा," बाई म्हणाल्या.

संवत्सरीचा उपवास त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी पारणं स्वतःच्याच हाताने केलं, मुगाच्या पाण्याने. मग सगळीकडे क्षमा मागत फिरल्या. ही त्यांच्याकडची रीत: वर्षभरात मनाने, शब्दाने दुखावलं असेल त्याची माफी मागायची. माझ्यापुढे हात जोडले, हेमकांतपुढे जोडले. तो गडबडला. "माझं काय दुखावलंत तुम्ही?"

"चार दिवस मी देवाकडे रोज मागत होते, हा शेअर पडू दे. किती लोकांच्या चुली त्याच्यावर. मिच्छामि दुक्कडम्."

हेमकांतने टायची गाठ सैल केली.

मग त्यांनी रिषभला फोन लावला आणि हेच सगळं सांगितलं, शब्द न गाळता. सकाळी त्याने सगळ्यांना पाठवतात तसं फुलाफुलांचं चित्र पाठवून माफी मागितली होती. आता नुसतं म्हणाला, "गट्टे केले होतेस?"

"केले होते."

"कोणी खाल्ले?"

"दगाभाऊंनी."

तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फाटला.

फोन ठेवून बाई हेमकांतकडे वळल्या. "ती संथ रेघ कधी वर चढस का?"

"चढते ना. उशिरा चढते. पण वेगवान रेघ जिकडे गेली, तिकडेच जाते."

"मंग जासू मी."

नंदुरबार सोडून सुरतेपलीकडे न गेलेली बाई चेन्नईच्या गाडीत बसली. पिशवीत उकडून सुकवलेले गट्टे, लाल तिखटाची पुडी आणि शेठचा छोटा खलबत्ता. मी खिडकीशी उभा राहून विचारलं, "परत कधी येशी?" गाडीच्या आवाजात उत्तर मला नीट ऐकू आलं नाही. तशा त्या काही बोलल्याही नसतील.

दुकानाला कुलूप आहे. मी हेमकांतकडून त्या दोन रेघा माझ्या मोबाइलवर घालून घेतल्या. गल्ली म्हणते, म्हाताराही बाजारात पडला. म्हणू दे. काल संध्याकाळी रेघा अगदी जवळ आल्या होत्या. ऊन असेपर्यंत मी ताट घेऊन ओट्यावर बसलो होतो.