चिचुंद्रीला लागू पडलेलं औषध

आत्याला केमोसाठी कर्जतहून नगरला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, म्हणून घरच्यांना वाटायचं, औषधातलं याला सगळं कळतं.

सुरुवातीला तिला सलाईन लागल्यावर उलट्या व्हायच्या. मग दवाखान्याच्या पायरीवरच होऊ लागल्या. पुढे तर गाडी नुसती त्या रस्त्याला वळली, की ती तोंडावर पदर दाबायची आणि मी पिशवी पुढे धरायचो. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. सलाईननंतरच्या उलट्या थोड्या आवरल्या, सलाईनआधीच्या मात्र नाहीत.

मी वाचायला बसलो. उंदराला उलटी करताच येत नाही, म्हणून असल्या प्रयोगांना चिचुंद्र्या घेतात. ज्या खोक्यात चिचुंद्रीला पूर्वी मळमळ झाली, त्यात तिला नुसतं परत ठेवलं तरी ती उमासे काढते. नेहमीचं औषध तिथे फारसं चालत नाही. भांगेच्या झाडातल्या द्रव्याने मात्र ती शांत राहिली होती.

मिरजगावच्या पुढे गाडी थांबवून आत्या चूळ भरत होती, तेव्हा हे मी तिला सांगितलं.

"मंग आन की ते," ती म्हणाली. "शिवरात्रीला भांग घोटत्यातच. घोटभर पिते."

"तसं नाही आत्या. त्यातलंच एक द्रव्य थोडं दिलं तर उलटी थांबली, जास्त दिलं तर वाढली."

"थोडं म्हंजी किती?"

"चिचुंद्रीला किती, ते लिहिलंय."

"म्या काय चिचुंद्री हाय व्हय?" ती हसायला गेली आणि पुन्हा ओकली.

मी डॉक्टरांना विचारलं. "अशा गोळ्या बाहेरच्या देशांत आहेत, माझ्या हातात नाहीत," ते म्हणाले. "आणि त्यांना हृदयाचीही औषधं चालू आहेत, भांग मुळीच नको." त्यांचं बरोबर होतं. मी परत येऊन पिशव्यांची चळत गाडीत ठेवली.

केमो संपली, रिपोर्ट चांगला आला. काही आठवड्यांनी मी भेटायला गेलो. आत्या ओट्यावर शेंगा फोडत होती. डोक्यावर मऊ केस आले होते. मला बघितलं आणि ती उठून मोरीकडे धावली.

तोंड पुसत बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे भरले होते. "राग मानू नगं बाळा. तू दिसला की पोटात ढवळतंय."

पुढच्या वेळी गाडी लांब लावून चालत गेलो. तेच झालं.

आता मी फोन करतो. आवाजाने काही होत नाही, असं ती म्हणते.