आमसुलाचा रंग आमसुली नसतो

आमच्या घरात रंगांची नावं बायकोच्या ताब्यात आहेत. मला लाल, हिरवा, पिवळा येतात. फार झालं तर पोपटी. तिला अबोली, श्रीखंडी, डाळिंबी, शेवाळी, चिंतामणी, सगळे नुसत्या नजरेनं ओळखू येतात. असं असताना कोकम सरबताच्या बाटलीवरचं लेबल करायचं काम मी अंगावर घेतलं. निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तराला कुणी काम सांगितलं नाही, की तो स्वतःच मागून घेतो.

लेबल साधं नव्हतं. इतकी वर्षं चौलच्या आमच्या वाडीतलं सरबत थोरल्या वहिनींच्या नावानं विकलं जायचं. कोकमं फोडायची, साखरेत घालून बरण्या उन्हात ठेवायच्या, रोज हलवायच्या, हे सगळं माझी बायको करायची. बाटलीवर नाव वहिनींचं. यंदा अलिबागला महिला बचत गटांचं प्रदर्शन होतं आणि बायकोनं पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं टेबल मागितलं होतं. मिळालं ते नेमकं वहिनींच्या टेबलाशेजारी.

"लेबल आमसुली हवं," ती म्हणाली. "माझं नाव मोठं. फुलं नकोत, नारळाचं झाड नको, सूर्यास्त तर अजिबात नको."

मला ती नीट ओळखून आहे.

मुलीनं मागे एकदा लॅपटॉपवर चित्रं काढायचं फुकटातलं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. त्यात रंग बनवायला तीन पट्ट्या होत्या, लाल, हिरवी आणि निळी, आणि प्रत्येकीला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत आकडे. आकडे दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला. जन्मभर मी मार्कच दिले. लालला बरे दिले, हिरव्याला नापास केलं, निळ्याला काठावर पास केलं, तर वाळक्या मिरचीचा रंग आला. निळ्याला ग्रेस मार्क दिले, तर वांगं आलं.

मग मला ड्रॉपर सापडला. हा फोटोत कुठंही टेकवला की तिथला रंग उचलतो. मी फडताळातून एक आमसूल आणलं, बशीत ठेवून फोटो काढला आणि ड्रॉपर टेकवला. आला मळकट पांढरा. पुन्हा टेकवला, राखाडी. आणखी एकदा, तर काळा कुळकुळीत. मी सॉफ्टवेअरला नावं ठेवत होतो तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"मीठ आहे ते."

"काय?"

"आमसुलाला मीठ असतं. अर्धा तास तुम्ही मिठाचा रंग उचलताय. आणि आता उचललात ती सुरकुती."

"पण तूच म्हणालीस ना, आमसुली!"

"अहो, आमसुली रंग आमसुलाचा थोडाच असतो? आमसूल काळं असतं. आमसुली ही साडी असते."

तिनं कपाटातून आमसुली साडी आणून लॅपटॉपशेजारी पसरली. मी साडीकडे बघत पट्ट्या सरकवत राहिलो. पडद्यावरचा रंग सारखा तपकिरीकडे झुकत होता, म्हणून निळा घालत गेलो. घालत गेलो, घालत गेलो आणि एकदाचा जमला. बायकोनं साडी बघितली, पडदा बघितला. "हं. हाच," म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझा रंग पहिल्यांदा पास केला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रेवदंड्याला छापायला टाकलं. दुपारी गठ्ठा घ्यायला गेलो, तर दुकानदार फारच आदरानं म्हणाला, "काका, नवा धंदा काढलात? नीळ कुठली, पातळ की पावडर?"

लेबलं निळी होती. नुसती निळी नाहीत, कपड्यांना घालायच्या निळीसारखी निळी. "मशीन बिघडलंय तुमचं," असं मी छातीठोक सांगून आलो.

बायकोनं एक लेबल हातात घेतलं. "उद्या वहिनी विचारतील, हे प्यायचं की धोतराला घालायचं?" एवढं बोलून ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. लेबल उलटं करून ठेवलं तिनं.

मी गुपचूप मागच्या पडवीत जाऊन मुलीला फोन लावला.

"बाबा, स्क्रीनचा पिवळा उजेड बंद केला होतात ना?"

"कसला उजेड?"

"तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी लावून दिला होता, डोळ्यांना त्रास नको म्हणून. त्यानं सगळं पिवळट दिसतं. रंगाचं काम करताना बंद करायचा असतो."

तिनं सांगितलेलं बटण दाबलं. पडद्यावरचं लेबल माझ्या डोळ्यांदेखत निळं झालं. इतके दिवस तो पिवळा उजेड निळा गिळत होता आणि मी खुळ्यासारखा ओततच होतो. दुकानदाराची माफी मागायला फोन केला, तर तो दुकान बंद करून लग्नाला निघालेला.

घरात एक जुना प्रिंटर होता, प्रश्नपत्रिका छापायचा. "ह्यातून फक्त काळं निघतं," मी अपराध्यासारखा म्हणालो.

बायकोनं एक बाटली उचलली आणि दारातल्या उन्हात धरली. लालभडक.

"रंग आत आहे की. वर आणखी कशाला हवा?"

मग पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरात आधी तिचं नाव, त्याखाली 'कोकम सरबत' असं छापलं. नाव मी तिनं पुन्हा न सांगताच दुप्पट मोठं केलं. ह्या सगळ्या प्रकरणात न चुकता केलेला बदल तेवढाच. कापणं, चिकटवणं माझ्याकडेच होतं, त्यामुळे काही लेबलं तिरकी गेली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन सुरू झाल्या झाल्या वहिनी आमच्या टेबलाशी आल्या. बाटली उचलून त्यांनी फिरवली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"कोराच कागद गो? रंगबिंग काही नाही?"

"आहे की, पांढरा," बायको म्हणाली. "ह्यांनी निवडला. चार दिवस लागले."

मी नारळाच्या झाडांचं निरीक्षण करू लागलो.

वहिनींनी बाटली खाली ठेवली नाही. "एक मला दे," त्या हळूच म्हणाल्या. "घरी प्यायला. यंदाचं माझं जरा पातळच झालंय."

बायकोनं त्यांच्या हातातली बाटली घेऊन गुंडाळायला वर्तमानपत्राचा कागद ओढला. मग थांबली, कागद बाजूला सारला आणि बाटली तशीच, नाव दिसेल अशी, वहिनींच्या हातात दिली.