भिंतीपासून करंगळीभर

टाचणीबाईंकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते शाळेच्या शिक्षकखोलीत. व्यायामाच्या मास्तरांना कोट शिवून घ्यायचा होता आणि बाई मापं घ्यायला आल्या होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्यांची रांग, आणि त्या न काढताच बोलणं चाललेलं. ऐकणाऱ्याच्याच घशात टोचावं. पोटाचं माप आलं तसं मास्तरांनी पोट आत ओढून धरलं. बाई टेप हातात घेऊन थांबल्या.

"सोडा मास्तर," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

मास्तरांनी बराच तग धरला. शेवटी त्यांचा चेहरा लाल झाला आणि पोट मूळ जागी आलं. बाईंनी माप घेतलं, वर थोडं सैल धरलं. कोट घालून माणसाला श्वासही घ्यायचा असतो, एवढंच त्यांचं म्हणणं. खोलीभर हशा पिकला आणि त्याच दिवशी बाईंना टाचणीबाई हे नाव चिकटलं. श्वासाची ती गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे नेमकी तीच बाई स्वतः विसरल्या.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, शिवाय इस्त्रीचं टेबल, उंच आरसा. दाराशी एक फरशी जराशी वर आलेली. घरातल्यांच्या पायांना ती पाठ होती. बोलता बोलता पाय आपोआप उंच पडायचा. बाईंच्या आईच्या पायाला ती ठाऊक नव्हती. गेल्या वर्षी आई चार दिवस राहायला आली आणि पहिल्याच सकाळी त्या फरशीला अडखळून पडली. मनगट मोडलं, तेही उजवं, ज्या हाताने तिने जन्मभर कात्री चालवली आणि लेकीला चालवायला शिकवली. प्लास्टर निघालं तशी ती आपल्या घरी परत गेली. उभा जिना, घरात दुसरं माणूस नाही, हातात काठी. बाईंचा जीव टांगणीला लागला. फोनवर विषय काढला की आई म्हणे, आधी तुझी जमीन बघ, मग मला बोलाव.

खूप विनवण्यांनंतर आईने आठवडाभर येऊन बघायचं कबूल केलं. पटलं तर राहीन, नाही तर नाही. बाईंनी ठरवलं की खोलीची जमीनच बदलायची. लॅमिनेटच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडाच्या फळ्या बसवणारे कारागीर म्हणाले, दोन महिन्यांनी येतो. आई तर महिन्याभरात येणार. तेव्हा फळ्यांच्या दुकानदाराने दोन फळ्या हातात घेऊन दाखवल्या. एकीच्या कडेला खाच, दुसरीला जीभ. तिरकी धरून आत सरकवायची, खाली दाबायची, टक् असा आवाज आला की बसली. बाईंचे डोळे चमकले. सरळ रेघ आणि संयम, एवढंच तर लागतंय. हे आपलंच काम.

बाईंचे यजमान बसचालक. सुट्टीच्या दिवशी त्यांनी वर आलेली फरशी उखडून खड्डा सिमेंटने सपाट केला. फळ्यांचे खोके बाईंनी आधीच खोलीत आणून आडवे ठेवले होते. नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्या कधी कापत नसत. लाकडालाही खोलीची हवा लागू दे, म्हणाल्या. सिमेंट वाळल्यावर फोम अंथरला आणि पहिली रांग लागली. बाई गुडघ्यांवर, यजमान गॅलरीत करवतीशी.

दुकानदाराने प्लास्टिकच्या पाचरींची एक पिशवी दिली होती. फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये त्या खोचायच्या, म्हणजे कडेने करंगळीभर फट राहते. मग पाचरी काढून फटीवर पट्टी मारायची. दमट हवेत फळ्या फुगतात, असं यजमानांनी माहितीपत्रकातून मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंनी मान वर केली नाही. फट, पट्टी हे सगळं ज्यांना माप घेता येत नाही त्यांच्यासाठी, असा त्यांचा निकाल. पाचरी बटणांच्या डब्यात गेल्या. भिंतीचा प्रत्येक कोपरा, दाराच्या चौकटीचं वळण बाईंनी कागदावर उतरवून घेतलं आणि फळी अशी कापवून घेतली की मध्ये सुईही जाऊ नये. काम झाल्यावर शेजारपाजारचे येऊन बघून गेले. बाई नुसत्या हसत होत्या, पण पदर जरा जास्तच नीट करत होत्या.

मग हवा बदलली. ऊन वाढलं, दमटपणा आला, कपडे वाळेनात. आई येणार त्या सकाळी बाई चहा घेऊन बाहेर आल्या, तर दाराशी जमीन फुगलेली. खाली मांजर झोपलंय असं वाटावं. पाय दिला की बसायची, काढला की टक् करून वर. आणि जागा तीच, जिथे आई पडली होती.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी इस्त्रीचं टेबल त्यावर आणून ठेवलं. तेवढ्यात यजमानांनी लक्षात आणून दिलं की आता दार उघडणार नाही. टेबल परत गेलं. खाली रिक्षा वाजली. शेवटी यजमान स्वतःच फुगवट्यावर उभे राहिले, दोन्ही पाय जोडून, नाटकातल्या शिपायासारखे.

आई काठी टेकत वर आली. जावई नमस्कार करतात पण जागचे हलत नाहीत, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"जावईबापू, बस थांब्यावर लागलीय का? आत तरी येऊ द्या."

जावई बाजूला झाले. टक्.

बाई आईच्या पायांकडे बघत राहिल्या. ते मागे वळले असते तर पुन्हा बोलवायला तोंड उरलं नसतं. आईने काठीने फुगवटा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग काठीचं टोक भिंतीच्या कडेने फिरवत नेलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. कुठेच फट नव्हती.

"हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही," ती म्हणाली. "इतकं आवळून शिवलं तर अंगाने जायचं कुठे?"

बाईंना व्यायामाचे मास्तर आठवले आणि कान तापले.

"चुकलंच, आई. पण तू लगेच परत—"

"खुर्ची दे," आई म्हणाली. "आणि उसव."

खुर्ची आली. शेवटच्या रांगेपासून एकेक फळी सुटी होऊ लागली. आईने शिंप्याचा खडू धरून भिंतीकडेच्या प्रत्येक फळीवर रेघ मारली. मनगट मोडून सांधलेलं, तरी रेघ सरळ आली. जावई करवत चालवून घामाघूम झाले. सासूबाई आठवडाभर पाहुण्या म्हणून येणार होत्या, मुकादम म्हणून नव्हे, असं ते गॅलरीतून ऐकू जाईल इतक्या बेताने पुटपुटत होते. बटणांच्या डब्यातून पाचरी निघाल्या. चारही भिंतींपासून करंगळीभर जागा सुटली.

आठवडा संपला तेव्हा कडेच्या पट्ट्या लागायच्या राहिल्या होत्या. काम अर्धवट टाकून मी जात नसते, असं आईने लेकीला सांगितलं. पट्ट्या लागल्या तेव्हा पडद्यांचं काम निघालं.

टाचणीबाईंचं शिवणयंत्र हल्ली खिडकीशी नसतं. खिडकीशी आईची खाट आहे आणि यंत्र तिच्या पायथ्याशी.