अगरबत्ती न लावणारा

पाटणजवळच्या डोंगरावर मी बायकांची तंबूतली शिबिरं घेते. तिथला उचलून नेता येणारा संडास सांभाळायला एक निवृत्त फौजी येतो. इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं कमी. रोज सकाळी तो खालची टाकी गावातल्या संडासात रिकामी करतो, दोनदा विसळतो, झडपेचं रबर पुसतो आणि वास मारणारं औषध मोजून घालतो. मी एकदा अगरबत्तीचा पुडा दिला, तर त्याने परत केला. "ताई, अगरबत्ती लावली म्हंजे काम अर्धं ऱ्हायलंय."

परवा शिबिरातल्या सत्तरीच्या एक काकू सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. प्यायलं की तिकडे जावं लागणार आणि तिथे घाण असणार, ही धास्ती. ऊन चढलं, ओठ सुकले, तरी ऐकेनात. मी सांगून थकले.

शेवटी या फौजीने हात धुतले, संडासाच्या तंबूचा पडदा वर केला आणि दारातच मांडी घालून पिठलं-भाकरी खायला बसला.

"आवं काकू, वास असता तर घास उतरला असता व्हय?"

"मेल्या, ऊठ तिथनं!" काकूंना हसू आवरेना.

तो उठला, जेवणाचा डबा घेऊन पार बांधापलीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून त्याने मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली. आतला आवाज बाहेर ऐकू जाण्याचीही लाज वाटते, हे बाई असून मला सुचलं नव्हतं.

काकू आत जाऊन आल्या आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या. गाणी चालूच होती. आता वळलास तरी चालेल, हे त्याला जाऊन सांगावं लागलं.